गंधालीच्या तोंडातला भाऊ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही. माझं कामच तसं नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची एक प्रयोगशाळा आहे. लहान मुलांच्या औषधांची कडू चव झाकायची, म्हणजे पोर ते औषध आईच्या अंगावर थुंकणार नाही, एवढंच आम्ही करतो. चव-विभाग माझ्याकडे आहे. जिभेला एखादी गोष्ट अमुकच का लागते याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मी समोरच्यालाही सोडत नाही आणि स्वतःलाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मला माहीत आहे. आणि तरीही गंधाली सबनीसच्या घरी जायचं म्हटलं की मी दुसरं काहीतरी काम काढते.

गंधाली आमच्या खरेदी विभागात. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं बारीक, केस कानापर्यंत कापलेले, आणि चालणं असं की ऑफिसात ती कधी आली नि कधी गेली कळू नये. आमची ओळख झाली ती तिच्या डब्यामुळे. एक दिवस कँटीनमध्ये ही मुलगी कच्च्या कोबीची पचडी वाटीभर खात बसलेली. वर लिंबू नाही, साखर नाही. मी म्हटलं, "अगं, उग्र नाही लागत?" तर म्हणाली, "मला काहीच लागत नाही ताई. मुळा द्या, मोहरीचा पाला द्या, सगळं सारखंच. माझी जीभ एकदम सरकारी आहे, काही कळतच नाही तिला." मला ती तिथेच आवडली.

मी मुलुंडला राहते, ती नाहूरला. ऑफिसची गाडी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानं आम्हा दोघींना शेवटी सोडते, त्यामुळे पवईच्या पुढे गाडीत आम्ही दोघीच उरतो. तिचं सगळं आयुष्य मला त्या गाडीत तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती ते सांगायची खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं.

एकोणिसाव्या वर्षी तिच्या हाडांतल्या मज्जेनं रक्त तयार करणंच सोडून दिलं. नुसतं दात घासताना हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. परळच्या एका मोठ्या इस्पितळात सांगितलं की कोणाची तरी मज्जा घालावी लागेल. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ देवव्रत, घरात त्याला देवू म्हणत. त्याची जुळली. त्यानं दिली आणि ही जगली. तिचा रक्तगट आधी बी होता, नंतर तो ओ झाला, भावाचा. "मी दादाच्या रक्तावर चालते," असं ती हसून सांगायची, आपण गॅसवर चालणारी रिक्षा म्हणतो तितक्या सहज.

पुढे सहा-सात वर्षांनी देवू डेंग्यूनं गेला. चार दिवसांत खेळ आटोपला. प्लेटलेट्स चढवत होते आणि त्या उतरतच होत्या. तेव्हा इस्पितळाच्या बाकावर आई, पद्मजाकाकू, कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "दिलं ना सगळं. आता त्याला कमी पडलं."

गंधाली शेजारीच बसली होती. मज्जा दिलेल्या माणसाची ती काही आठवड्यांत पुन्हा भरून येते, हे डॉक्टरांनी काकूंना तेव्हाही सांगितलं आणि नंतरही. काकूंनी मान डोलावली. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, समजत नव्हतं असं नाही. पण ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही आणि मुलीनंही त्याचा विषय कधी काढला नाही. वडील आधीच गेलेले. दोघी त्या वाक्यासकट एका घरात राहत होत्या.

मला राग यायचा. "तू बोलत का नाहीस आईशी?" असं मी विचारायची. ती म्हणायची, "काय बोलू? मी आहे आणि तो नाही, हे तर तिला दिसतंच ना."

आणि कोबी. देवूला लहानपणी कोबी खाता यायचा नाही. "कडू आहे," म्हणायचा. घरात सगळे हसायचे, कोबी कधी कडू असतो का? काकूंच्या घरात ताटात टाकायचं नाही हा नियम. पोराला संध्याकाळपर्यंत ताटापुढे बसवून ठेवलेलं. एकदा तर काकूंनी त्याचे गाल दाबून घास आत कोंबला आणि तो गिळेपर्यंत जबडा धरून ठेवला. मग त्याला ओकारी झाली, मग पाठीत धपाटा. "नाटकी" हे त्याचं घरातलं दुसरं नाव झालं. हे सगळं गंधाली कांजूरच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या सांगून गेली.

आता त्या तपासणीचं सांगते. आमच्याकडे औषधं चाखायला माणसांचा एक गट असतो. त्यात काहींना कडू फार लागणारे हवेत आणि काहींना न लागणारे. हे पुष्कळसं जन्मजात असतं. सातव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, टास-टू-आर-अडतीस असं त्याचं रुक्ष नाव. तो एक प्रथिन बनवतो. ते जिभेवरच्या पेशीत कुलपासारखं बसवलेलं असतं. विशिष्ट कडू रेणूची किल्ली त्यात बसली की मेंदूला वर्दी जाते, कडू! कोबी, मुळा, मोहरीच्या जातीतला कडवटपणा याच कुलपाचा. त्या प्रथिनाच्या साखळीत तीनशेच्या वर मणी आहेत. त्यातले फक्त तीन मणी बदलले की कुलूप बंद. तशी बंद कुलपं आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही आली, तर त्या माणसाला त्यातलं जवळजवळ काही कळत नाही. आम्ही एक कागदाची पट्टी देतो, औषध लावलेली. कोणी ती जिभेवर ठेवून बेसिनकडे धावतो, तर कोणी म्हणतो, "कागदच आहे की."

गंधाली अर्थातच कागदच आहे म्हणणारी. मला तशी माणसं हवीच होती, मी तिला गटात घेतलं. नियमाप्रमाणे तिची लाळ नळीत घेऊन जनुक बघायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली.

दोन आठवड्यांनी तिथल्या मुलीचा फोन. "मॅडम, तुमच्याकडून नळ्यांची अदलाबदल झालीय. सबनीस फीमेल लिहिलंय, पण सँपल मेलचं आहे."

मी ऑफिसात सगळ्यांना झापलं. गंधालीला पुन्हा बोलावलं. माझ्या टेबलासमोर, माझ्या डोळ्यांदेखत ती नळीत थुंकली, मीच झाकण लावलं, मीच सही केली. पुन्हा फोन. "मॅडम, मेलच आहे. आणि टेस्टर आहे, चांगला स्ट्राँग."

फोन ठेवला आणि मी केबिनचं दार आतून लावून घेतलं, हे कबूल करते. मिनिटभरच. मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच लाज वाटली. लाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढिगानं असतात. आणि हिचं रक्त तयार करणारी मज्जा होती देवूची. नळीत आलेला पुरुष तोच. पंधरा-सोळा वर्षं तो तिच्या हाडांत बसून रोज ताजं रक्त पुरवत होता, आणि मधल्या काळात स्वतः जळूनही गेला होता.

मी तिला नीट समजावलं. "थुंकी त्याची आली, पण जीभ तुझीच आहे. जिभेच्या पेशी मज्जेतून येत नाहीत, त्या जागच्या जागी तयार होतात. म्हणून पट्टी तुला कडू लागली नाही."

"म्हणजे दादा अजून माझ्या तोंडातून थुंकतोय? झकास," असं म्हणून ती मोठ्यानं हसली. मग हसता हसता थांबली. "ताई, टेस्टर म्हणजे त्याला कोबी खरंच कडू लागायचा?"

"हो. बराच."

"खरं बोलत होता तो?"

"हो गं."

ती पँट्रीत जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि चेहरा उजळलेला. "हे आईला सांगायला हवं," म्हणाली. "तो नाटकी नव्हता हे तिला कळायला हवं." मलाही ते तेव्हा बरोबरच वाटलं.

तिनं त्याच दिवशी सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. जनुक म्हणजे काय, लाळेत कोण होतं, कोबी का कडू लागतो, दोनदोनदा विचारून घेतलं, शिक्षिकाच त्या. मग उठल्या, फ्रीज उघडला, आतला कोबीचा गड्डा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, "आता या घरात कोबी येणार नाही."

गंधालीला ते प्रायश्चित्त वाटलं. मलाही.

मग काकू जेवताना तिच्यासमोर बसायला लागल्या. स्वतःचं ताट न घेता. नजर डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. घास कसा जातो, चावताना कुठे थांबतो, सगळं निरखत. वरणात मीठ जास्त झालं का, हा प्रश्न त्या तिला विचारायच्या, पण थोडं पुढे वाकून, आत कोणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात. एक दिवस म्हणाल्या, "आ कर बघू." घसा बघायचा असेल म्हणून गंधालीनं तोंड उघडलं. काकूंनी मोबाइलची बॅटरी लावली, हनुवटी धरली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग हनुवटी सोडून तिच्या गालावरून हात फिरवला. गंधाली मला म्हणाली, "ताई, देवू गेल्यापासून तिनं मला हात लावला नव्हता."

हे ऐकून मी गप्प बसायला नको होतं, पण बसले. कारण त्या घरात काहीतरी चांगलंही होत होतं. काकू वर्षानुवर्षं खाली उतरल्या नव्हत्या, त्या भाजी आणायला जायला लागल्या. गुणगुणायला लागल्या. शेजारणीला स्वतःहून हाक मारायला लागल्या. घरात देवूच्या आवडीचं शिजू लागलं, ठेचा, तिखट आमटी, हिरव्या मिरच्या घातलेले साबुदाणा वडे. गंधालीला तिखट सोसत नाही. ती डोळ्यांतून पाणी काढत खायची.

मग एके दिवशी दार उघडताना काकू म्हणाल्या, "आलास? हात धू, देवू."

"सुरुवातीला वाटलं, चुकून आलं तोंडात," गंधाली मला गाडीत सांगत होती. "मग कळलं, चुकून नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"हात धुतले."

माझं डोकं फिरलं. "गंधाली, उद्याच्या उद्या तिला डॉक्टरकडे ने. मनाच्या. मी ओळखते एक चांगल्या बाई घाटकोपरला."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. भांडुपचा पूल गेला. मग म्हणाली, "डॉक्टरनं तिला बरं केलं तर दादा परत मरेल, ताई. आणि या वेळी माझ्यामुळेच." मला एवढंच कळलं की या मुलीनं दहा वर्षं ज्या वाक्यासोबत काढली, त्याची परतफेड करायची संधी तिला पहिल्यांदा मिळाली होती आणि ती ती सोडणार नव्हती.

पितृपक्ष आला. घरात कोणी श्राद्ध घालणारं नाही, पण देवूच्या तिथीला काकू पान वाढतात एवढं मला माहीत होतं. तिथीच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर गंधालीचा रंग बघूनच मी विचारलं, काय झालं?

"काही नाही गं ताई. काल तिथी होती. दरवर्षी आई पान वाढते आणि एसीचा तो बाहेरचा डबा असतो ना, त्यावर ठेवते. गच्चीला सोसायटीनं कुलूप घातलंय, मग काय करणार. काल मी सुट्टी टाकली होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं वाढून झालं. मी खिडकी उघडायला गेले. तर म्हणते, खिडकी कशाला उघडतोस? बस पानावर."

"आणि तू बसलीस."

"बसले ना. तिनं पानाभोवती पाणी फिरवलं. हात जोडून उभी राहिली माझ्यासमोर. यार, कावळा शिवत नाही तेव्हा कसं म्हणतात ना, तुझं काही राहिलं असेल तर सांग, आम्ही बघू? अगदी तसंच मला म्हणाली. काही राहिलंय का रे तुझं? मनात असेल ते सांग."

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही राहिलं. तर रडायला लागली. मग मी खीर मागितली, तेव्हा कुठे थांबली."

ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. मी त्याला पुढे बघायला सांगितलं.

त्यानंतर गंधाली झरझर उतरत गेली. ऑफिसात कोणी हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. बाथरूममध्ये मी तिला जीभ घासताना पाहिलं, ब्रशवर रक्त येईपर्यंत. आणि एक दिवस ती माझ्या केबिनमध्ये आली, दार लावलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, वाट लागली. आज कँटीनची कोबीची भाजी खाल्ली. मला कडू लागली."

"करपली असेल."

"करपली नव्हती. कडू लागली. शेवटी मागे, घशाजवळ."

मी तिला बसवलं. पुन्हा सगळं सांगितलं, कुलूप, मणी, पेशी. घरात रोज कोणी तोंडाकडे टक लावून बसलं तर कोणालाही काहीही लागेल, हेही सांगितलं. तिनं ऐकलं सगळं. मग अगदी हळू म्हणाली, "मला पट्टी द्या. पण मला भीती वाटतेय. कडू लागली तर मी कुठे गेले, ताई?"

अशा वेळी मला दया येते आणि दया आली की मी आणखी तापते. मी म्हटलं, पट्टी इथे नाही घ्यायची. तुझ्या घरी घ्यायची, आईसमोर. मी येते. काकू शिकलेल्या आहेत, त्या डोळ्यांनी बघतील की या तोंडातली जीभ गंधालीची आहे, आणि एकदाचा हा प्रकार संपेल. मला वाटलं होतं, पुराव्यापुढे माणूस थांबतो.

रविवारी दुपारी गेले. नाहूरला त्या नव्या उंच इमारतींपैकी एकीत चौदाव्या मजल्यावर त्यांचं घर. स्वच्छ, उजेडाचं. खिडकीतून खाडीकडची हिरवी कड दिसते. काकूंनी दार उघडलं. मी पूर्वी एकदा पाहिलेल्या त्या वाळलेल्या बाई या नव्हेत, गाल भरलेले, मोगऱ्याचा गजरा घातलेला. "ये गं इरावती, ये. पोहे केलेत," म्हणाल्या. आणि आत वळून, "देवू, तुझ्या ऑफिसातल्या ताई आल्यात रे."

गंधाली आतून आली. तिच्या अंगात पुरुषी चेक्सचा ढगळ शर्ट होता. आमची नजरानजर झाली तशी ती चटकन म्हणाली, "घरात बरा पडतो."

मी पोहे खाल्ले. मग पर्समधून पट्ट्यांची डबी काढून टीपॉयवर ठेवली आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. काकू मधूनमधून मान डोलावत होत्या. आधी मी स्वतः एक पट्टी जिभेवर ठेवली. मला कडू फार लागतं. तोंड वाकडं झालं, डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "मला दे बघू एक." त्यांनी ठेवली आणि त्यांचाही चेहरा आक्रसला. मग त्या पट्टी हातात धरून बसून राहिल्या. "इतकं?" म्हणाल्या. "इतकं कडू लागायचं त्याला?" इतकंच, किंवा त्याहून जास्त, मी म्हटलं.

"आता गंधाली," मी मुद्दाम नाव घेऊन म्हटलं.

तिनं पट्टी उचलली. ती ओठाला लागून खाली पडली. मी दुसरी दिली. तिनं डोळे गच्च मिटून ती जिभेवर ठेवली. काकू पुढे सरकल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या, आणि तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. मी एवढी वर्षं हजारो लोकांच्या जिभेवर या पट्ट्या ठेवल्या असतील. त्या दिवशी पहिल्यांदा मी मनातल्या मनात कोणाची तरी विनवणी केली. कोणाची ते मला माहीत नाही.

गंधालीनं पट्टी चघळली. पुन्हा चघळली. मग डोळे उघडले.

"कागद आहे," ती म्हणाली. आणि हसली. "ताई, नुसता कागद आहे!" ती तो चावून चावून दाखवायला लागली, मला, आईला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आई, बघ ना. मला काही लागत नाही. मीच आहे. गंधाली आहे मी."

मी काकूंकडे वळले. "पाहिलंत ना काकू? देवू असता तर थुंकला असता."

काकू विचारात पडल्या. खरोखर विचारात. कपाळाला आठी, बोट ओठावर, मुलांचा पेपर तपासताना बसावं तशा. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी पदरानं गंधालीचे डोळे पुसले.

"सवय झाली असेल त्याला," म्हणाल्या. "एवढी वर्षं आत राहून."

मी काहीतरी बोलायला गेले. जीभ, पेशी, तेच सगळं. गंधालीनं हात वर करून मला थांबवलं. तिचं हसू गेलं होतं, पण रडणंही गेलं होतं. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि शांतपणे विचारलं, "आई, मग गंधाली कुठे आहे?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वेडाचं काही नव्हतं. दुःखाची वार्ता पुन्हा सांगायची वेळ आलेल्या माणसाची नजर होती ती.

"असं काय करतोस रे? ती एकोणिसाव्या वर्षीच नाही का गेली. तू दिलंस तुझं, तरी नाही वाचली. तुला आठवत नाही?"

मी पर्स उचलली, परत खाली ठेवली. डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, तो मी आत्ता, या क्षणी लावायला हवा होता. पण गंधाली आईचा हात सोडत नव्हती. ती सोफ्यावरून खाली उतरून आईच्या पायाशी बसली.

"कशी होती गं ती?" तिनं विचारलं.

"गंधू?" काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "फार गुणाची रे. केस गेले होते सगळे, तर माझी टोपी विणून झाली का गं आई, असं विचारायची रोज. पिवळी हवी म्हणायची. म्हणायची, आई, माझ्यावर खर्च झाला तो झाला, मी बरी झाले की तुला काश्मीरला नेईन. मी तिला एकदाही जवळ घेतलं नाही रे. भीती वाटायची, हात लावला की डाग उठायचे तिच्या अंगावर. मग म्हटलं, बरी झाली की घेईन. माझी पोर. माझी सोन्यासारखी पोर."

त्या तोंडावर पदर घेऊन हुंदके द्यायला लागल्या. गंधालीसाठी कोणाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. गंधालीनंही पाहिलं नसावं. ती आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून, डोळे मोठे करून ऐकत होती.

"अजून सांग," ती म्हणाली.